मोरांदीच्या बाटल्या कशा पाहाव्यात: नवख्यांसाठी

जॉर्जो मोरांदीचं चित्र पहिल्यांदा समोर आलं की बहुतेकजण पाच सेकंदांत पुढे जातात, आणि त्यांना दोष देता येत नाही. एक टेबल, त्यावर चार-पाच बाटल्या, एखादा डबा, एखादं भांडं, मागे रिकामी भिंत. रंग मळकट. चित्रात माणूस नाही, गोष्ट नाही, फळांचा रसरशीतपणासुद्धा नाही. तरीही चित्रकारांच्या गप्पांत या माणसाचं नाव निघालं की आवाज बदलतो. असं का होतं, हे कुणी समजावून सांगून फारसं कळत नाही. एका चित्रापुढे अर्धा तास बसलं की बरंच कळतं. तो अर्धा तास कसा घालवायचा, ते इथे टप्प्याटप्प्याने सांगतो. लागणारं सामान: एक चित्र, एक पेन्सिल, दोन-चार कोरे कागद.

आधी जुजबी ओळख. मोरांदी 1890 मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात जन्मला आणि 1964 मध्ये तिथेच वारला. व्हिया फोंदाझ्झा नावाच्या गल्लीतल्या घरात तो आई आणि तीन बहिणींसोबत राहायचा. लग्न केलं नाही. झोपायची खोली हाच त्याचा स्टुडिओ होता. आधी शाळांमध्ये चित्रकला शिकवली, मग 1930 ते 1956 बोलोन्याच्या कला अकादमीत एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून चित्र छापण्याची पद्धत) शिकवलं. उन्हाळ्यात जवळच्या आपेनाइन डोंगरांतल्या ग्रिझ्झाना गावी जायचा. परदेशप्रवास जवळपास नाहीच. पहिल्यांदा देशाबाहेर पडला तो 1956 मध्ये, स्वित्झर्लंडला. यावरून त्याला ‘चित्रकलेतला संन्यासी’ ठरवून टाकायची फॅशन आहे. ती गोष्ट ऐकायला छान वाटते, पण फार मनावर घेऊ नका. तो अकादमीतला पगारी प्राध्यापक होता, 1948 मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात) आणि 1957 मध्ये साओ पाउलोच्या बिएनालेत त्याला चित्रकलेचं पारितोषिक मिळालं होतं, आणि 1943 मध्ये फासिस्टविरोधी मित्रांशी संबंध असल्यावरून त्याला काही दिवस कोठडीतही काढावे लागले होते. संन्याशाची कथा डोक्यात घेऊन चित्र पाहिलं की माणूस शांतता शोधत बसतो आणि टेबलावर काय चाललं आहे ते राहून जातं.

चित्र निवडणं

पहिली अडचण नावाची. त्याच्या बहुतेक चित्रांचं नाव एकच, ‘नातुरा मोर्ता’, म्हणजे आपण ज्याला स्थिरचित्र म्हणतो ते. उरलेल्यांपैकी बहुतेकांची नावं ‘निसर्गदृश्य’ नाहीतर ‘फुलं’. त्याची तैलचित्रं तेराशेच्या वर आहेत, त्यामुळे नाव टाकून शोधलं तर हाती काहीच लागत नाही. अभ्यासक लांबेर्तो व्हिताली यांनी या सगळ्या तैलचित्रांची सूची केली आणि ती 1977 मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून मोरांदीचं चित्र साल आणि व्हिताली क्रमांक यांवरून ओळखलं जातं. तुम्हीही निवडलेल्या चित्राचं साल, आकार आणि ते कुठल्या संग्रहालयात आहे हे लिहून ठेवा. नाहीतर उद्या तेच चित्र पुन्हा सापडायचं नाही.

पहिल्या खेपेला 1950 ते 1960 या काळातलं एखादं चित्र घ्या. त्यातही असं घ्या, ज्यात सगळ्या वस्तू मधोमध गोळा होऊन उभ्या आहेत आणि आजूबाजूला टेबल मोकळं आहे. त्याची सुरुवातीची चित्रं वाईट आहेत असं नाही. 1918-19 च्या सुमारास तो दे किरिको आणि कारा या इटालियन चित्रकारांच्या ‘मेटाफिजिकल’ वळणाची चित्रं काढत होता. त्यांत पुतळ्याचं डोकं, काठ्या, कडक सावल्या असं बरंच लक्ष वेधून घेणारं असतं. नवखा पाहणारा त्यांचा अर्थ लावत बसतो. पन्नासच्या दशकातल्या चित्रांत अर्थ लावण्याजोगं काही मिळतच नाही, आणि आपल्याला तेच हवं आहे.

चित्र संग्रहालयाच्या संकेतस्थळावरूनच उघडा. पोस्टर विकणाऱ्या दुकानांच्या पानांवर रंग हमखास भडक केलेले असतात. मोरांदीच्या बाबतीत हे फार नडतं, कारण त्याचा सगळा खेळ राखाडीच्या एका छटेचा आणि शेजारच्या छटेचा आहे. एकच चित्र दोन ठिकाणी उघडून बघा: एकीकडे भिंत गुलाबीकडे झुकलेली दिसेल, दुसरीकडे पिवळी. मोबाइलची ‘नाइट लाइट’ची सोय बंद करा. आणि पडद्यावर पाहतोय म्हणून हिरमुसू नका. खुद्द मोरांदीने फ्रेंच चित्रकार सेझान पहिल्यांदा पाहिला तो पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या छापील चित्रांतून.

आता आकार. ही चित्रं लहान असतात, साधारण 30 बाय 40 सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे जवळजवळ ए-थ्री कागद. असा एक कोरा कागद डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला चिकटवा आणि तीन-चार पावलं मागे जाऊन बघा. चित्र एवढंच आहे. यातली बाटली खऱ्या बाटलीपेक्षा लहान असते आणि ती नीट पाहायची तर जवळ जावं लागतं. मोठ्या पडद्यावर चित्र ताणून पाहिलं की ही जवळीक जाते. म्हणून शक्य असेल तर पडद्यावरची प्रतिमा मूळ मापाएवढी करून घ्या.

आधी टेबल, मग बाटल्या

बाटल्यांकडे पाहायचा मोह दोन मिनिटं आवरा. आधी टेबलाची मागची कड शोधा, जिथे टेबल संपून भिंत सुरू होते. ती रेघ चित्राच्या किती उंचीवर आहे? वस्तूंच्या मागे गेल्यावर ती पलीकडे त्याच उंचीवर बाहेर येते का? बऱ्याचदा येत नाही. डाव्या बाजूला थोडी वर, उजव्या बाजूला किंचित खाली. आणि मग हे बघा: ती रेघ एखाद्या डब्याच्या वरच्या कडेशी किंवा बाटलीच्या खांद्याशी नेमकी येऊन मिळते का? मिळत असेल तर डबा टेबलावर आहे की भिंतीत रुतला आहे, हे क्षणभर ठरवता येत नाही.

मग पुढची कड. काही चित्रांत ती स्पष्ट दिसते, टेबलाच्या जाडीसकट. काहींत टेबल चित्राच्या खालच्या काठापर्यंत पसरतं आणि कड दिसतच नाही. ती दिसते तेव्हा आपण टेबलासमोर उभे असल्यासारखे असतो. दिसत नाही तेव्हा वस्तू किती लांब आहेत याचा अंदाज हरवतो. मोरांदीच्या खोलीत वेगवेगळ्या उंचीची टेबलं होती आणि कुठली मांडणी कुठल्या उंचीवर ठेवायची हे तो ठरवून करायचा. त्यामुळे भांड्याचं तोंड लंबगोल दिसतं की सरळ रेघ होतं, यावरून तुम्ही त्याच्या डोळ्यांची उंची काढू शकता. सरळ रेघ असेल तर भांड्याचं तोंड डोळ्यांच्या पातळीला आहे.

मधल्या जागा

आता मुख्य काम. या टप्प्याला हवा तेवढा वेळ द्या, घाई बाकीच्या टप्प्यांत करा.

कोरा कागद घ्या, त्यावर चित्राच्या प्रमाणात चौकट आखा आणि बाटल्या न काढता फक्त त्यांच्या मधल्या जागा काढा. दोन बाटल्यांच्या मानांमध्ये दिसणारा भिंतीचा तुकडा, डब्याच्या आणि भांड्याच्या मधली उभी फट, सगळ्यात बाहेरच्या वस्तूपासून चौकटीपर्यंतची मोकळी जागा. चित्र चांगलं यायला हवं असं काही नाही. पाच मिनिटांत लक्षात येईल की या जागांनाही स्वतःचे आकार आहेत आणि ते बाटल्यांइतकेच काळजीने घडवलेले आहेत. कधीकधी दोन बाटल्यांमधली फट हीच चित्रातली सगळ्यात उंच आणि सुबक ‘वस्तू’ असते.

ज्यांनी शाळेत असताना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील, त्यांना इथे एक धक्का बसेल. मांडणीचा एक नियम तेव्हा घोकून घेतला जायचा: एक वस्तू दुसरीच्या मागे जाऊ दे किंवा सरळ सुटी राहू दे, पण दोघींच्या कडा नुसत्या टेकू देऊ नका, आणि दोन वस्तूंच्या माथ्यांची उंची एकसारखी आणू नका. कारण तसं केलं की कोण पुढे आणि कोण मागे हे समजत नाही. मोरांदी नेमकं हेच करतो, आणि जाणूनबुजून करतो. डब्याची उभी कड आणि मागच्या बाटलीची कड एकाच रेषेत. तीन वस्तूंचे माथे एकाच उंचीवर. पुढच्या पेल्याचा काठ मागच्या खोक्याच्या कडेला चिकटलेला. तुमच्या निवडलेल्या चित्रात अशा जागा शोधा आणि पेन्सिलीने त्यांवर फुल्या मारा. तीन-चार तरी सापडतील.

हे सापडलं की चित्र वेगळं दिसायला लागतं. वस्तू लग्नातल्या ग्रुप फोटोसारख्या एकमेकींना खेटून उभ्या असतात, पण कोण कुणाच्या पुढे आहे हे नक्की होत नाही. डोळा एकदा पुढे जातो, एकदा मागे. चित्र सपाट रंगांच्या तुकड्यांसारखं दिसतं आणि पुढच्याच क्षणी त्यात खोली येते. मोरांदी म्हणायचा की आपण प्रत्यक्ष जे पाहतो त्याहून अमूर्त काही नाही. हे वाक्य नुसतं वाचलं तर कोड्यासारखं वाटतं. या फुल्या मारून झाल्यावर वाचलं तर अगदी सरळ, कामाचं विधान वाटतं. माझ्या मते त्याच्या चित्रांची खरी किल्ली इथेच आहे, रंगांत नाही.

डोळे किलकिले करा

रंगांचंही बघू. डोळे अर्धे मिटून चित्राकडे पाहा, म्हणजे बारकावे पुसले जातात आणि उजळ-गडद एवढंच उरतं. चित्रात सगळ्यात उजळ काय आहे? बऱ्याचदा एखादी पांढरी बाटली असते. त्याची एक पांढरी, अंगावर पीळदार पन्हाळ्या असलेली बाटली अनेक चित्रांत येते. ती एकदा ओळखीची झाली की पुन्हापुन्हा भेटत राहते. सगळ्यात गडद काय? बहुतेक वेळा एखादी सावली किंवा एखादा तपकिरी तुकडा, तोही फार काळा नाही. म्हणजे उजेडापासून काळोखापर्यंतची सगळी पट्टी तो वापरतच नाही. मधल्या चार-पाच पातळ्यांत सगळं भागवतो. वर्षानुवर्षं एचिंग केल्याचा, म्हणजे नुसत्या आडव्या-तिडव्या रेघांच्या दाटीतून राखाडीचे टप्पे उभे करण्याचा, हा सराव आहे.

बाटल्यांवर चकाकी का नाही, हाही प्रश्न इथे पडायला हवा. काचेची बाटली म्हटलं की तिच्यावर खिडकीचा पांढरा ठिपका यायला हवा. मोरांदीने तो मुळातच येऊ दिला नाही. बाटल्यांची लेबलं काढायची, डब्यांना बिनचकाकीचा रंग फासायचा, काचेच्या बाटलीत आतून रंग ओतून ती अपारदर्शक करायची, असे उद्योग तो करायचा. वर त्याच्या खोलीतल्या वस्तूंवर धुळीचा थर बसलेला असायचा आणि तो तसाच राहू दिला जायचा. पाहुण्यांनी त्या धुळीबद्दल आवर्जून लिहून ठेवलं आहे. म्हणजे मळकट रंग ही केवळ ब्रशची करामत नाही. चित्र काढायच्या आधीच त्याने टेबलावर अर्धं चित्र रंगवून ठेवलेलं असायचं.

जवळून

प्रतिमा मोठी करता येत असेल तर आता करा, आणि फक्त कडांवरून फिरा. बाटलीची बाह्यरेषा थरथरते. कधी पार्श्वभूमीचा रंग बाटलीच्या अंगावर थोडा चढलेला दिसतो, कधी दोन रंगांच्या मध्ये खालचा थर किंवा उघडा कॅनव्हास डोकावतो. फटकारे लपवलेले नाहीत. भिंतीवरचे एका दिशेने, टेबलावरचे दुसऱ्या. मांडणी जुळवण्यात तो कितीही दिवस घालवी, पण रंगाचं काम त्यामानाने झपाट्याने होई, आणि ते दिसतं. शेवटी सहीकडे बघा. ‘मोरांदी’ ही अक्षरं खाली चांगली ठळक असतात आणि ती कुठे टाकायची याचा विचार केलेला असतो. सही बोटाने झाका आणि चित्राचा तोल बदलतो का ते बघा.

भावंडं शोधणं

एक चित्र असं पाहून झालं की त्याच सालची दोन-तीन आणखी उघडा. त्याच वस्तू दिसतील. एक डबा दोन बोटं डावीकडे सरकलेला, एक पेला पुढे आलेला, बाकी सगळं जिथल्या तिथे. टेबलावर कागद पसरून त्यावर तो पेन्सिलीने वस्तूंच्या जागा आखून ठेवायचा. अशा खुणांनी भरलेले कागद आजही जपून ठेवलेले आहेत. दोन भावंडं शेजारी ठेवून फक्त एवढंच विचारा: काय हललं, आणि ते हलल्यामुळे कुठली फट उघडली किंवा मिटली?

बाकीचा कालक्रम नंतर सवडीने बघता येईल. विसाच्या दशकात तपकिरी, मातकट आणि भरीव. तिसाच्या दशकात जाड, गडद रंग. चाळीसच्या दशकात शंख-शिंपले आणि लांब सावल्या. शेवटी साठच्या दशकात वस्तू कमी होत जातात आणि कडा विरघळू लागतात. निसर्गचित्रंही विसरू नका. ग्रिझ्झानाची घरं तो अशी रंगवतो की ती टेबलावरचे डबे वाटतात.

घरी मांडून बघा

चित्रकार नसलात तरी हा टप्पा गाळू नका. रिकाम्या सरबताच्या किंवा तेलाच्या दोन बाटल्या, एक चहाचा पत्र्याचा डबा, एक खोकं, एक कप. लेबलं पाण्यात भिजवून काढा. पांढऱ्या पोस्टर कलरमध्ये थोडा गेरू किंवा पिवळी माती आणि किंचित फेव्हिकॉल मिसळून वस्तूंना पातळ हात द्या. फेव्हिकॉलमुळे रंग काचेवर धरतो. ऑइलपेंट वापरू नका, तो चमकतो. एक वस्तू शुद्ध पांढरी ठेवा. बाकीच्यांच्या छटा इतक्या जवळच्या ठेवा की लांबून फरक जेमतेम कळावा.

टेबलावर ब्राऊन पेपर पसरा, भिंतीकडे तसलाच एक कागद उभा करा. उजेड एकाच खिडकीचा हवा, थेट ऊन नको. ऊन येत असेल तर पातळ पांढरं कापड लावा. ट्यूबलाइट बंद. आता एक डोळा मिटून एका जागी बसा आणि वस्तू अशा सरकवा की दोन कडा एका रेषेत येतील. प्रत्येक मांडणीला बुडाभोवती पेन्सिल फिरवून खूण करा आणि फोनवर त्याच जागेवरून फोटो घ्या. अर्ध्या सेंटिमीटरने डबा सरकवल्यावर फोटो किती बदलतो हे पाहून गंमत वाटेल. डोकं जरा हललं तरी जुळलेल्या कडा सुटतात. एकाच जागी बसणं का गरजेचं आहे ते तेव्हा कळतं.

पुढे जाऊन तैलरंगात करायचं असेल तर सुरुवातीला पाच नळ्या पुरेत: टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरिन. काळा नको, राखाडी या पाचांतूनच तयार करा. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना मिळून थंड-उबदार दोन्ही राखाडी देतात. कॅनव्हास बोर्ड ए-थ्रीच्या जवळपासचा. पहिला हात टर्पेंटाइनने पातळ करून, वरचे हात जास्त तेलाचे. उलटं केलं तर पुढे तडे जातात. खोली हवेशीर ठेवा, टर्पेंटाइनचा वास डोक्यात जातो. पावसाळ्यात वाळायला जास्त दिवस लागतात, तेव्हा चित्र भिंतीला टेकवून ठेवण्याआधी बोट लावून बघा. आणि रंग लावताना बाटलीपासून सुरुवात न करता एखाद्या फटीपासून करून बघा.

मूळ चित्रं कुठे पाहता येतील

सगळ्यात मोठा संग्रह बोलोन्यात आहे. मोरांदीच्या बहिणीने दिलेल्या देणगीमुळे 1993 मध्ये त्याच्या नावाचं संग्रहालय तिथे सुरू झालं. 2012 पासून ते माम्बो या आधुनिक कलासंग्रहालयाच्या इमारतीत आहे. ही इमारत म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळात शहराला पाव पुरवण्यासाठी बांधलेली नगरपालिकेची बेकरी. रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येतं. लंडनमध्ये टेट आणि एस्टोरिक, न्यूयॉर्कमध्ये मोमा, वॉशिंग्टनमध्ये फिलिप्स कलेक्शन, स्वित्झर्लंडमध्ये विंटरटूरचं संग्रहालय इथेही त्याचं काम आहे. पण संग्रहात असणं आणि भिंतीवर असणं यात फरक असतो, म्हणून जाण्याआधी चौकशी करा. कुणी ऑनलाइन ‘अस्सल मोरांदी’ स्वस्तात देऊ करत असेल तर दुर्लक्ष करा. या चित्रकाराच्या नकला भरपूर झाल्या आहेत.

पार्माजवळच्या मामियानो गावी मान्यानी-रोक्का फाउंडेशन आहे, तिथे एक चित्र मुद्दाम बघा. संग्राहक लुईजी मान्यानी यांनी मोरांदीला विनंती केली की माझ्या संग्रहातल्या जुन्या मौल्यवान वाद्यांचं स्थिरचित्र काढून द्या. मोरांदी नाही म्हणाला नाही, पण ती देखणी वाद्यं त्याच्या कामाची नव्हती. त्याने जुन्या बाजारातून फुटकळ, खेळण्यातली म्हणावीत अशी वाद्यं आणली आणि 1941 मध्ये ती रंगवली. मान्यानींनी ते चित्र ठेवून घेतलं आणि पुढे त्याची पन्नासच्या आसपास कामं जमवली.

बोलोन्याला गेलात तर व्हिया फोंदाझ्झावरचं 36 नंबरचं घरही पाहता येतं. 2009 पासून ते लोकांसाठी उघडं आहे, पण दिवस आणि वेळा मर्यादित असतात, आधी नोंदणी लागते का ते बघून जा. आधी संग्रहालय आणि मग घर, असा क्रम ठेवा. घरी त्या बाटल्या, डबे, टेबलं खरीखुरी समोर असतात, आणि ती आधी पाहिली तर संग्रहालयात तुम्ही चित्रांऐवजी ‘ही तीच बाटली’ एवढंच शोधत फिराल.